गाडीतलं वायफाय आणि मोठी स्क्रीन: घेण्याआधी काय तपासावं, घेतल्यावर कसं वापरावं

नवरात्रात आम्ही छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूरला जातो आणि वाटेत बीडहून बहिणीच्या घरच्यांना सोबत घेतो. नवी गाडी घेतली त्या वर्षी बीड मागे टाकून मांजरसुंब्याच्या घाटाला लागलो, तेवढ्यात मागून भाच्याचा आवाज आला, "मामा, गाडीचं वायफाय लावा की, व्हिडिओ थांबायलाय." गाडी बाजूला घेऊन मी स्क्रीनवर वायफाय चालू केलं. पोरांचे मोबाइल जोडलेही गेले, पण प्रत्येकावर एकच ओळ आली: इंटरनेट उपलब्ध नाही. गाडी घेताना ‘वायफाय आहे’ असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. ते वायफाय कशासाठी आहे, हे मी विचारलं नव्हतं.

नंतर मी सेटिंगमधला एकेक पर्याय उघडून पाहिला आणि ओळखीच्यांच्या गाड्याही तपासल्या. वरच्या मॉडेलसाठी लोक हजारो रुपये जास्त मोजतात, तेही बहुतेक वेळा या स्क्रीनकडे बघून. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पायरी १: आपल्या गाडीतलं वायफाय कोणतं, ते ओळखा

गाडीच्या बाबतीत ‘वायफाय’ या शब्दाचे तीन अर्थ होतात.

पहिला अर्थ म्हणजे गाडी स्वतःच हॉटस्पॉट होते. तिच्यात सिम असतं, त्यावर डेटा असतो आणि आतल्या लोकांना इंटरनेट मिळतं. आपल्याला वाटतं ते हेच, पण आपल्याकडच्या गाड्यांत हेच सगळ्यांत कमी आढळतं.

दुसऱ्या प्रकारात उलट असतं. गाडीची स्क्रीन आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडली जाते. स्क्रीनवर गाणी, हवामान किंवा सॉफ्टवेअर अपडेट दिसतं खरं, पण डेटा आपलाच खर्च होतो.

तिसरा प्रकार माझ्या गाडीतला. हे वायफाय वायरशिवाय अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले (मोबाइलमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) चालावं एवढ्यासाठीच असतं. मोबाइल आणि स्क्रीन आधी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, मग मोबाइलवरचं चित्र वायफायने स्क्रीनवर जातं. त्या वायफायच्या पलीकडे इंटरनेट नसतंच.

ओळखायची पद्धत सोपी आहे. गाडी उभी असताना स्क्रीनच्या सेटिंगमध्ये वायफाय उघडा. आजूबाजूच्या नेटवर्कची यादी दिसली, तर दुसरा प्रकार. नाव आणि पासवर्ड दिसला, तर मोबाइल त्याला जोडा, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा आणि पूर्वी न उघडलेली एखादी वेबसाइट उघडून बघा. उघडली, तर पहिला प्रकार. नाही उघडली, तर तिसरा. काही गाड्यांत यांतले दोन प्रकार एकत्र असतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी तपासा.

यात आणखी एक घोळ होतो. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या, तेव्हापासून ‘कनेक्टेड कार’ हा शब्द आपल्याकडे रुळला. अशा गाड्यांत कारखान्यातच ई-सिम बसवलेलं असतं. यंत्राने यंत्राशी बोलावं यासाठी दिलेल्या अशा सिमचा क्रमांक आपल्या मोबाइलसारखा १० अंकी नसतो, १३ अंकी असतो. गाडी कुठे उभी आहे, दार लॉक आहे का, इंधन किती आहे, ही माहिती त्यावरून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून आपल्या ॲपवर येते. पोरांना व्हिडिओ दाखवणं हे त्याचं काम नाही. ‘गाडीत सिम आहे’ म्हणजे ‘गाडीत नेट आहे’ असं धरून चालू नका.

पायरी २: पैसे भरण्याआधी हे विचारा

वायफाय वरच्यांपैकी कोणतं? कनेक्टेड सेवा किती वर्षं मोफत आणि नंतर वर्षाला किती पैसे? मुदत संपली की काय काय बंद पडतं? आत साठवलेला नकाशा कुठून आणि किती दिवसांनी ताजा होतो? उत्तरं तोंडी घेऊ नका. व्हॉट्सॲपवर किंवा कोटेशनवर लिहून मागा.

टेस्ट ड्राइव्ह शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरच संपवली जाते. शक्य असेल तर आपल्या रोजच्या रस्त्याकडे गाडी न्यायचा आग्रह धरा आणि आपलाच मोबाइल जोडून बघा. स्क्रीनवर दुपारचं ऊन पडल्यावर अक्षरं दिसतात का, हे तर नक्की बघा. शोरूमच्या सावलीत सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त वायफायसाठी वरचं मॉडेल घेऊ नये. मागचा कॅमेरा, चांगला स्पीकर, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांसाठी पैसे मोजावेत, कारण ते रोज उपयोगी पडतात. नेट तर खिशातल्या मोबाइलमध्ये आहेच.

पायरी ३: डेटाचा हिशेब घरीच मांडा

उत्तम दर्जाची, म्हणजे ३२० केबीपीएसची गाणी ऐकली तर तासाला साधारण १४४ एमबी जातात. नकाशाला त्याहून बराच कमी डेटा लागतो. खरा खाऊ व्हिडिओ आहे. एचडी दर्जाला तासाला १ ते ३ जीबी सहज लागतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर मागच्या सीटवरची तीन पोरं व्हिडिओ बघू लागली, तर गाडी गेवराईला पोचायच्या आत डेटा संपतो.

त्यासाठी निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर पोरांचे व्हिडिओ आणि आपली गाणी उतरवून ठेवा. आमच्या वडिलांसाठी मी भजनांचा पेनड्राइव्ह केला आहे. गाडी पेनड्राइव्ह ओळखत नसेल, तर तो कॉम्प्युटरवर फॅट३२ प्रकारात फॉर्मॅट करून गाणी एमपी३ स्वरूपात टाका, बहुतेक गाड्यांत चालतो. फॉर्मॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा. आणि एफएम विसरू नका. बीड, नांदेड, धाराशिवचं आकाशवाणी केंद्र ऐकायला ना सिम लागतं ना डेटा.

पायरी ४: नकाशा आधीच उतरवून घ्या

सगळ्यांत जास्त फायदा देणारी पायरी हीच आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहांकडून येणारे संकेत घेऊन मोबाइल किंवा गाडी आपली जागा स्वतः काढते. इंटरनेट लागतं ते त्या जागेखालचं चित्र, म्हणजे रस्ते आणि गावं, आणण्यासाठी. ते चित्र आधीच मोबाइलमध्ये असलं, तर टॉवर असो वा नसो, रस्ता दिसत राहतो. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर दाबा, ‘ऑफलाइन नकाशे’ निवडा आणि चौकट ओढून अख्खा जिल्हा त्यात बसवा. आम्ही तुळजापूरला जाताना बीड आणि धाराशिव, आणि कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरायचं असेल तेव्हा घाटाच्या दोन्ही बाजू उतरवून ठेवतो. या नकाशावर वाहतूक कोंडी दिसत नाही आणि रस्ता बंद असल्याचंही कळत नाही, ही त्याची मर्यादा. महिन्या-दोन महिन्यांनी तो ताजा करून घ्या.

गाडीत आधीपासून भरलेला नकाशा वेगळा. त्यालाही नेट लागत नाही, पण तो ज्या वर्षी भरला त्या वर्षीचंच जग दाखवतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. २०२२ च्या आधीच्या नकाशावर जालन्याजवळ समृद्धीवरून जाणारी गाडी शेतातून चाललेली दिसते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये लागू झाली. जुन्या नकाशात ती सापडली नाहीत, तर औरंगाबाद आणि उस्मानाबाद लिहून शोधा.

गावाच्या नावावर मात्र कधीच विसंबू नका. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव अशी गावं आपल्याकडे कितीतरी आहेत. एका लग्नाला आम्ही नकाशाने दाखवलेल्या पिंपळगावात वेळेवर पोचलो, तर तिथे मांडवच नव्हता! लग्न दुसऱ्याच तालुक्यातल्या पिंपळगावात होतं. अक्षता हुकल्या, याचं आईला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पत्रिका आली की मी यजमानांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवतो आणि नेट असतानाच ते नकाशात जतन करतो. शेतातल्या घराचा पत्ता द्यायचा असेल, तर नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरल्यावर येणारा प्लस कोड, म्हणजे त्या नेमक्या जागेचा छोटा कोड, पाठवा.

पायरी ५: मोबाइल आणि स्क्रीनची जोडी नीट लावा

वायरने जोडूनही अँड्रॉइड ऑटो दिसत नसेल, तर दहा वेळा स्क्रीनला दोष देऊ नका, आधी वायर बदला. स्वस्तातल्या कित्येक वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. एक मीटरच्या आतली, डेटा चालणारी वायर घ्या आणि ती गाडीतच ठेवा. वायरशिवाय जोडायचं असेल, तर मोबाइल अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा हवा आणि गाडीतही ती सोय हवी.

वायरशिवाय वापरणं सोयीचं असलं, तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मला वायरच बरी वाटते. वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस आणि डेटा एकाच वेळी चालले की मोबाइल तापतो आणि बॅटरीही झपाट्याने उतरते. त्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना मोबाइल डॅशबोर्डवर काचेखाली ठेवला, की थोड्याच वेळात तो चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, कधी बंदही पडतो. मोबाइल खाली, एसीचा वारा लागेल अशा कप्प्यात ठेवा.

पायरी ६: गर्दीत आणि घाटात काय होणार, ते धरून चला

घाटात टॉवर आडोशाला जातो. गाडीच्या टपावरचा अँटेना मोबाइलपेक्षा संकेत बरा पकडतो, पण जिथे संकेत पोचतच नाही तिथे त्याचाही इलाज चालत नाही. तुळजापूरला नवरात्रात किंवा पैठणला नाथषष्ठीला वेगळीच अडचण येते. काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र हलत नाही, कारण एकाच टॉवरवर हजारो मोबाइल लटकलेले असतात. गाडीचं वायफायही त्याच टॉवरवरून चालतं, ते वेगळा रस्ता काढत नाही. अशा वेळी आमच्या गाडीत एक सोय कामाला येते. माझं सिम एका कंपनीचं आहे, बायकोचं दुसऱ्या. एकाचं नेट गेलं की दुसऱ्याचा हॉटस्पॉट लावतो. पार्किंगची जागा गर्दीत शिरायच्या आधीच नकाशात जतन करून ठेवतो.

पायरी ७: चाक फिरायच्या आत सगळं लावून घ्या

ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. गाणं बदलायला दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, तर ४४ मीटर गाडी न बघता चालली. समृद्धीवर १२० च्या वेगात हेच अंतर ६७ मीटर होतं. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढे असली, तर एवढं अंतर जीवावर बेततं. पत्ता, गाणी, एसी, सगळं निघण्याआधी लावा. वाटेत बदलायचं असेल तर शेजारी बसलेल्याला सांगा किंवा ढाब्यावर थांबा. चालत्या गाडीत पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ दिसू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कुलूप असतं, ते बाजारात काढून मिळतं. तसं अजिबात करून घेऊ नका. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. हातात मोबाइल घेऊन बोलत गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

पायरी ८: एसओएस बटण आणि ॲप यांच्यावर किती भरवसा ठेवावा

एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण, गाडीच्या सिमवरून कॉल सेंटरला जोडतं. त्या सिमला नेटवर्क नसेल किंवा सेवेची मुदत संपली असेल, तर ते चालेलच असं नाही. मोबाइलवरून ११२ मात्र आपल्या कंपनीचं नेटवर्क नसतानाही दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे. हे दोन्ही क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ असू द्या.

ॲपवरून एसी आधी चालू करता येतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत म्हाताऱ्या माणसांना बसवायचं असेल तेव्हा या सोयीचं मोल कळतं. मात्र पेट्रोल-डिझेलची गाडी बंद शेडमध्ये असेल, तर ॲपवरून चालू करू नका. धुरातला विषारी वायू आत कोंडतो. आणि इंजिन बंद ठेवून तासभर स्क्रीन, गाणी चालू ठेवली, तर बॅटरी उतरून गाडी ढकलायची वेळ येते.

पायरी ९: गाडी विकताना किंवा जुनी घेताना

स्क्रीनमध्ये आपले संपर्क, कॉलची यादी, घराचा आणि शेताचा पत्ता, सगळं साठलेलं असतं. विकण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा आणि ॲपमधूनही ती गाडी काढून टाका. नुसता रीसेट पुरत नाही, कारण ॲपची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर हे आधी बघावं. आधीच्या मालकाच्या ॲपमध्ये गाडी राहिली, तर ती कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहतं आणि काही गाड्यांची दारंही उघडता येतात. आरसी नावावर करायच्या कागदांवर सह्या होतात, त्याच वेळी त्याला समोर बसवून ॲपमधून गाडी काढायला लावा आणि आपल्या नंबरवर नोंद झाल्याचा मेसेज आल्यावरच उरलेले पैसे द्या.