मामांच्या साइटने शिकवलेलं: पान सर्व्हरवर रचायचं की ब्राउझरमध्ये?

सत्तरीतल्या मामांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी तयार केल्या आणि वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. रिअ‍ॅक्ट, म्हणजे पान रचणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी, नुकतीच शिकलो होतो, म्हणून सगळी साइट त्यातच केली. पणजीत माझ्या लॅपटॉपवर ती झरझर चालायची. मग वाळपईहून मामांचा फोन आला: "अरे, लिंक उघडते, पण नुसतंच पांढरं दिसतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर खोलीचा फोटो येत नाही."

दोन्हींचं मूळ एकच. सर्व्हरकडून जाणाऱ्या एचटीएमएलमध्ये एक रिकामा डिव्ह (मजकुराची रिकामी चौकट) आणि जावास्क्रिप्ट मागवणारा एक स्क्रिप्ट टॅग, एवढंच होतं. खोल्या, दर, फोटो हे सगळं जावास्क्रिप्ट उतरल्यावर ब्राउझर रचणार. पावसात सिग्नल एका काडीवर आला की तोवर पांढरं पान. व्हॉट्सअ‍ॅप तर लिंकचं चित्र दाखवताना जावास्क्रिप्ट चालवतच नाही, आलेल्या एचटीएमएलमधले ओजी टॅग, म्हणजे लिंकचं शीर्षक आणि चित्र सांगणाऱ्या ओळी, तेवढे वाचतं. तुमचं पान तपासायचं तर 'व्ह्यू पेज सोर्स' उघडा. 'इन्स्पेक्ट'मध्ये रचून झालेलं पान दिसतं, म्हणून मी कितीतरी दिवस चकलो.

मी नेक्स्ट जेएस घेतलं, म्हणजे रिअ‍ॅक्टची पानं सर्व्हरवरही रचू देणारं फ्रेमवर्क. आता पान सर्व्हरवरच रचून येऊ लागलं, मजकूर चटकन दिसू लागला. पण हायड्रेशन होईपर्यंत, म्हणजे रिअ‍ॅक्ट त्या तयार पानाचा ताबा घेईपर्यंत, बटणं दाबून काही होत नाही. शिवाय सर्व्हरने आणि ब्राउझरने रचलेलं पान तंतोतंत जुळावं लागतं. माझ्या पानावर वर 'आज'ची तारीख होती. दिवसा सगळं ठीक, मध्यरात्रीनंतर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे चुका दिसतात) लाल एरर. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५:३० पर्यंत त्याची 'आज' ही आपली 'काल'. तारखेला एशिया/कोलकाता हा टाइमझोन स्पष्ट दिला, तेव्हा सुटलं.

यशाच्या भरात मामांची बुकिंगची वहीही सर्व्हरवर रचायला घेतली, आणि तिथे चुकलो. महिना बदलला, नाव शोधलं की दरवेळी सर्व्हरकडे फेरी. ती वही लॉगिनच्या आत आहे, गूगलच्या शोधात ती यायची गरज नाही. मामा रोज त्याच फोनवर उघडतात, तेव्हा जावास्क्रिप्ट बहुधा कॅशेत, म्हणजे फोनमध्ये आधीच साठवलेलं, असतंच. ती परत ब्राउझरकडे दिली.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं: अख्ख्या अ‍ॅपसाठी एकच उत्तर शोधू नका. प्रत्येक पान पहिल्यांदा कोण उघडणार, कुठल्या सिग्नलवर, आणि त्यातलं काय किती वेळाने बदलतं, ते आधी कागदावर लिहा. मामांच्या खोल्यांची माहिती क्वचितच बदलते. तिला दर विनंतीला सर्व्हर कशाला राबवायचा? ते पान बिल्डच्या वेळीच, म्हणजे साइट चढवण्याआधी एकदाच, तयार होतं. रिकाम्या तारखा तेवढ्या सर्व्हर दरवेळी ताज्या देतो. चवथीआधी दर बदलले की मामा फोन करतात, मी बिल्ड चालवतो.