डेअरडेव्हिल बघू की नको? लोकांच्या रिअ‍ॅक्शन वाचायच्या कशा

माझा मेव्हणा म्हणाला झोप येते रे, ऑफिसातली एकजण म्हणाली नुसतं रक्त रक्त रक्त, आणि मावसभाऊ म्हणाला याच्यापुढे बाकीचे सगळे सुपरहिरो भरा पोत्यात. एकाच सिरीजबद्दल बोलत होते तिघं, २०१५ ची डेअरडेव्हिल. आता यातून माणसाने काय ठरवायचं? मी पण तेव्हा वैतागलोच होतो, मग एक दिवस तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, की बाबा तू बघितलीस कुठपर्यंत? मेव्हण्याने पहिला एपिसोड अर्धा बघितला होता, तोही मोबाईलवर, डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने वरचा दांडा धरून. ऑफिसवाली चौथ्या एपिसोडला थांबलेली. मावसभावाचे तिन्ही सीझन दोनदा झालेले. म्हणजे तिघंही खरंच बोलत होते, फक्त तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी बघितल्या होत्या.

तर पहिली पायरी हीच. कुणी "बकवास" म्हणो नाहीतर "मास्टरपीस", आधी विचारा कुठपर्यंत आणि कशावर बघितली. या सिरीजचे नेटफ्लिक्सवर तीन सीझन आले होते, प्रत्येकी १३ एपिसोड, म्हणजे ३९ झाले, आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा माणूस गळतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. न्यूयॉर्कमधला हेल्स किचन हा भाग, तिथे मॅट मर्डॉक नावाचा वकील, लहानपणी केमिकल डोळ्यात जाऊन आंधळा झालेला पण बाकीची इंद्रियं भयंकर तल्लख. दिवसा कोर्ट, रात्री तोंडाला काळं फडकं बांधून मारामारी. समोर व्हिलन, गुंडांचा बॉस विल्सन फिस्क. मॅट झालाय चार्ली कॉक्स आणि फिस्क झालाय व्हिन्सेंट डोनोफ्रिओ. उडणं नाही, आकाशातून लेझर नाही. हाणामारी झाली की हिरो दुसऱ्या दिवशी कण्हत उठतो.

आता रिअ‍ॅक्शनच्या जाती. सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे "काही दिसतच नाही, सगळा अंधार". याला हसू नका, ही तक्रार निम्मी खरी आहे आणि निम्मी तुमच्या खोलीतली आहे. सिरीज मुद्दामच काळोखी आणि पिवळट-हिरव्या उजेडात काढलीय. मॅटच्या घरात तर उजेड येतो तो समोरच्या मोठ्या जाहिरातीच्या बोर्डाचा, घर स्वस्तात मिळालं त्याचं कारणच तो बोर्ड, त्याला स्वतःला काय फरक पडतो म्हणा. असलं काही तुम्ही दुपारी तीन वाजता खिडकीसमोर टीव्ही ठेवून बघाल तर त्यात तुमचंच तोंड दिसणार. म्हणून रात्री बघा, ट्यूबलाईट बंद, पाहिजे तर मागे एखादा छोटा दिवा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग की काय ते बंद करा, नाहीतर सगळं डेली सोपसारखं दिसतं, आणि सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. मोबाईलवर डेटा सेव्हर चालू असेल तर काळ्या भागात चौकोन चौकोन दिसायला लागतात, तो दोष सिरीजचा नाही. एवढं करूनही दिसत नसेल तर मग तक्रार खरी माना, काही सीन आहेतच तसे.

दुसरी जात, "हिंसा फार". इथे जरा थांबायला लागेल, कारण या एका शब्दात लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. एक म्हणजे बघवत नाही आणि दुसरी म्हणजे उगाच आहे. पहिलं तुमच्या पोटाचं, दुसरं लिहिणाऱ्याचं. पहिल्या सीझनच्या चौथ्या एपिसोडच्या शेवटी गाडीच्या दाराचा एक सीन आहे. कोण आणि काय ते सांगत नाही, पण फिस्क का भडकतो ते सांगतो, कारण ते कळलं तर मजा जात नाही. तो एका बाईबरोबर जेवायला गेलेला असतो, आयुष्यात पहिल्यांदा कुणाबरोबर तरी असा लाजत बोलत असतो, आणि तेवढ्यात एकजण मध्येच टपकतो आणि त्या बाईसमोर त्याची लाज काढल्यासारखं होतं. बस, एवढंच. पैसे नाही, धंदा नाही. तो सीन बघून आमची ऑफिसवाली उठून गेली ती परत आली नाही, आणि मला विचाराल तर तिची रिअ‍ॅक्शन शंभर टक्के बरोबर आहे, तो सीन त्यासाठीच आहे. पण ती "उगाच" म्हणाली ते मला पटलं नाही, कारण त्या दारानंतर पुढचे नऊ एपिसोड फिस्क नुसता टाय सरळ करायला लागला तरी आपल्या छातीत धडधडतं. तर कुणी हिंसा म्हणालं की विचारा, बघवलं नाही की पटलं नाही? आणि तुम्हाला रक्त बघवत नसेल तर सरळ सोडा, यात काही मर्दुमकी नाही. माझी आई तो सीन किचनमधून नुसत्या आवाजावर ऐकत होती आणि म्हणाली कोथिंबीर निवडू दे मला शांतपणे, बंद कर ते.

याच्या उलट रिअ‍ॅक्शन म्हणजे "तो कॉरिडॉरचा सीन बघ फक्त!" हे सांगणारे लोक हजारो आहेत आणि ते तुम्हाला क्लिप पाठवतात. क्लिप बघू नका. दुसऱ्या एपिसोडचा शेवट आहे तो, आणि एपिसोडच्या सुरुवातीला हाच मॅट कचऱ्याच्या पेटीत अर्धमेला सापडलेला असतो, क्लेअर नावाची नर्स त्याला आपल्या घरात नेऊन टाके घालते. ते बघितलं असेल तरच त्या कॉरिडॉरला अर्थ येतो. एका लहान पोराला पळवलंय, त्याला सोडवायला हा जातो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूला दारं, कॅमेरा कट न घेतल्यासारखा पुढे-मागे सरकत राहतो. हा खोलीत शिरतो, आतलं आपल्याला दिसत नाही, फक्त धाडधाड ऐकू येतं, मग दारातून एक मायक्रोवेव्ह उडत बाहेर येतो. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तो दमतो. भिंतीला टेकतो, धापा टाकतो, ज्यांना पाडलं ते परत उठतात, परत पडतात, शेवटी शेवटी तर दोन्हीकडचे ठोसे पण अर्धवट बसतात कारण कुणाच्याच अंगात त्राण उरलेलं नसतं. सुपरहिरोला दमलेलं बघायची आपल्याला सवयच नव्हती, म्हणून लोक वेडे झाले. दुसऱ्या सीझनमध्ये जिन्यातली मारामारी आणि तिसऱ्यात तुरुंगातला जवळपास ११ मिनिटांचा सलग सीन, हे याचेच थोरले भाऊ. पण कुणी फक्त या तीन सीनवरून सिरीज ग्रेट म्हणत असेल तर त्या माणसाने बाकीची फॉरवर्ड मारलीय असं समजायला हरकत नाही.

मग येतो "स्लो आहे". हो, आहे. मधले दोनतीन एपिसोड रेंगाळतात, १३ भरायचेच म्हणून भरल्यासारखे, हे मी फॅन असून कबूल करतो. पण स्लो म्हणणाऱ्याला विचारा नेमकं कुठे. आठव्या एपिसोडची सुरुवात सांगितली तर त्याचं मत बाजूला ठेवा. फिस्क सकाळी उठतो, बेडवर बसून समोरच्या पांढऱ्याफटक पेंटिंगकडे बघतो, ऑम्लेट करतो, कफलिंक निवडतो, कोट चढवतो आणि आरशात बघतो तर तिथे रक्ताने माखलेला एक पोरगा उभा. एक शब्द नाही. ज्याला हे स्लो वाटलं त्याला दुसरं काहीतरी बघायचं होतं, त्यात वाईट काही नाही, पण त्याचा सल्ला तुमच्या कामाचा आहे का ते बघा.

रिअ‍ॅक्शन कधीची आहे ही तारीख पण बघत जा, हे कुणी सांगत नाही. पहिला सीझन आला १० एप्रिल २०१५ ला, सगळे एपिसोड एकदम. हे पात्र ज्या कंपनीचं ती मार्वल, आणि तेव्हा मार्वल म्हणजे थिएटरमधले चकाचक पिक्चर, त्यामुळे त्या वेळचे लोक अक्षरशः दचकून लिहीत होते. आपल्याकडे नेटफ्लिक्सच आलं ६ जानेवारी २०१६ ला, म्हणजे बरीचशी स्तुती आणि बरेचसे स्पॉयलर आधी पोचले. आज तुम्ही ते वाचून बघायला बसाल तर "एवढं काय त्यात" वाटू शकतं, कारण मधल्या काळात काळोखे सुपरहिरो पोत्याने आलेत.

पहिल्या आठवड्यातली एक रिअ‍ॅक्शन मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती न बघणाऱ्यांची होती. हिरो आंधळा, आणि अंध प्रेक्षकांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनच नाही, म्हणजे दोन डायलॉगच्या मध्ये पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज, तो नाही. लोकांनी बरोबर पकडलं की हा मॅट मर्डॉक स्वतःची सिरीज स्वतः फॉलो करू शकणार नाही! १४ एप्रिलला, म्हणजे चार दिवसांत, नेटफ्लिक्सने ही सोय जाहीर केली आणि सुरुवात याच सिरीजपासून केली. ऑडिओच्या मेनूत हा पर्याय दिसला तर कॉरिडॉरचा सीन एकदा डोळे मिटून ऐकून बघा. मी ऐकला, आणि मला तेव्हा कळलं की त्या सीनमध्ये जवळपास कुणी बोलतच नाही.

कॉमिक्सवाल्यांच्या रिअ‍ॅक्शन वेगळ्या डब्यात ठेवा. हे पात्र १९६४ पासूनचं आहे, त्यांची साठ वर्षांची मतं आहेत. त्याचा कॉमिक्समधला लाल सूट पहिल्या सीझनच्या थेट शेवटच्या एपिसोडला येतो, आणि आल्यावर अर्धे म्हणाले अखेर आला एकदाचा, अर्धे म्हणाले काळं फडकंच बरं होतं. मी फडक्याच्या पार्टीत. हे भांडण वाचायला मजा येते पण त्यावरून काही ठरवू नका.

सीझनवार सांगायचं तर पहिल्यावर साधारण एकमत, फक्त बाराव्या एपिसोडला एका माणसाचं जे करतात त्यावर बरेच लोक चिडले आणि मी पण त्यातलाच. दुसरा सीझन १८ मार्च २०१६ चा, त्यात पनिशर येतो, गुन्हेगारांना सरळ ठार मारणारा, झालाय जॉन बर्नथाल, आणि चौथ्या एपिसोडमध्ये कब्रस्तानात बसून तो आपल्या मुलीबद्दल जे बोलतो ते ऐकून मी पाणी प्यायला उठलो होतो, तहान लागलेली म्हणून नाही. नंतर मग निन्जा येतात आणि लोक गळतात. "दुसरा सीझन भारी" आणि "दुसरा सीझन पडला" या दोन्ही रिअ‍ॅक्शन त्यामुळे एकाच वेळी खऱ्या. तिसरा ऑक्टोबर २०१८ चा, अनेकांच्या मते सगळ्यात घट्ट, आणि तो येऊन दीड महिना होतो न होतो तोच सिरीज बंद. लोकांनी वाचवायची मोहीम काढली, २०२५ च्या मार्चमध्ये "बॉर्न अगेन" नावाने ती डिस्नेकडे परत आली. तिच्या रिअ‍ॅक्शनमध्ये "मध्येच वेगळीच वाटते" असं दिसेल, त्याचं कारण साधं आहे, बरंच शूटिंग झाल्यावर त्यांनी टीम बदलली आणि पहिला आणि शेवटचे दोन एपिसोड नव्याने केले, तो जोड दिसतो. आणि हो, बॉर्न अगेनच्या पहिल्या एपिसोडबद्दल काहीही वाचू नका, जुनी बघितल्याशिवाय तर नाहीच नाही.

आता तुम्ही स्वतः कुणाला सांगणार असाल तर. मी हल्ली असं करतो, दुसरा, चौथा आणि आठवा एपिसोड संपला की लगेच फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवतो, कारण सगळं संपल्यावर आपण शेवटच्या एपिसोडच्या नशेत बोलतो. ग्रुपवर टाकताना "मस्त आहे बघा" असलं टाकू नका, त्याचा कुणालाच उपयोग नाही. असं टाका: दोन एपिसोड झाले, रात्री टीव्हीवर बघितले, हाणामारी खरी वाटते, कोर्टाचा भाग जरा ताणलाय, लहान मुलांसमोर नको, जेवताना तर अजिबात नको. मेलं कोण, वाचलं कोण, काही सांगू नका. आणि ज्याला आवडली नाही त्याच्या मागे लागू नका, एकदा सांगून सोडून द्या.

मेव्हण्याला मी तेवढंच केलं होतं. म्हटलं लोकलमध्ये नको, घरी रात्री दिवा मालवून दुसरा एपिसोड पूर्ण बघ आणि मग शिव्या घाल. दोन आठवडे काही आलं नाही, मी पण विसरलो. मग एका शुक्रवारी रात्री पाऊण वाजता फोन वाजला, मेसेज, एकच शब्द. मायक्रोवेव्ह.