आमदारांची अधिवेशनाची पोस्ट कशी वाचायची: बजेट, पुरवणी मागण्या आणि अडकलेली विधेयकं

अधिवेशन संपलं की आठवडाभरात आमदारांच्या पेजवर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी येते. इतके कोटी मंजूर, इतके प्रश्न मांडले, अमुक लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावली, तमुक विधेयकावर बोललो. ही यादी वरवर बघून सोडू नका, नीट वाचा, कारण तुमच्या रस्त्याचा किंवा शाळाखोलीचा पैसा नेमका कुठवर आलाय हे बऱ्यापैकी त्यातूनच काढता येतं, फक्त काय विचारायचं ते माहीत पाहिजे. मी महाराष्ट्राच्या विधानमंडळाला धरून लिहितेय. गोव्यातल्या वाचकांनी विधानपरिषदेचा भाग सोडून वाचा, तिकडे ४० जणांची एकच विधानसभा आहे.

आधी पोस्ट कुठल्या अधिवेशनाची आहे ते बघा. आपल्याकडे वर्षाला तीन अधिवेशनं, फेब्रुवारी-मार्चचं बजेटचं आणि जून-जुलैचं पावसाळी मुंबईत, डिसेंबरचं हिवाळी नागपूरला. पूर्ण बजेट एकदाच येतं पण पैशाचा विषय तिन्ही वेळा येतो कारण पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर सरकारने मागितलेला जादा पैसा, प्रत्येक अधिवेशनात असतातच. म्हणजे डिसेंबरात कुणी लिहिलं की "बजेटमध्ये काम घेतलं" तर ते बहुतेक पुरवणी मागण्यांमधलं असणार, आणि तसं असेल तर आर्थिक वर्ष संपायला तीन-साडेतीन महिने उरलेले असतात हे लक्षात घ्या, ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते.

बजेटचा प्रवास थोडक्यात सांगते. अर्थमंत्री भाषण करतात, मग खात्यांच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याला किती पैसा लागणार ते, चर्चेला येतात. प्रत्येक खात्याला एक अक्षर असतं, बी म्हणजे गृह, ई शालेय शिक्षण, एच सार्वजनिक बांधकाम, एल ग्रामविकास. या मागण्यांवर आमदार बोलतात, कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करा अशी सूचना) देतात, आणि वेळ संपली की ज्या मागण्यांवर चर्चाच झाली नाही त्या एकदम मताला टाकून संमत करतात, त्याला गिलोटिन म्हणतात. मग विनियोजन विधेयक येतं आणि ते पास झाल्यावरच सरकारला तिजोरीतून पैसा काढता येतो. विधानपरिषद हे विधेयक अडवू शकत नाही, १४ दिवसांत शिफारशी करू शकते आणि त्या मानायच्या की नाही ते विधानसभा ठरवते. त्यामुळे तुमच्या आमदारांना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हा की साहेब किंवा ताई, तुम्ही कुठल्या खात्याच्या मागणीवर बोललात. भाषणाचा व्हिडिओ टाकला असेल तर उत्तमच, नसेल तर विधानमंडळाच्या वेबसाइटवर कामकाजाची कागदपत्रं असतात, तिथे शोधा.

आता मुद्द्याचं. समजा पोस्टमध्ये लिहिलंय, "आपल्या गावच्या रस्त्यासाठी ५ कोटी मंजूर." यातून अजून काहीच कळत नाही. ५ कोटी ही कामाची एकूण किंमत आहे का या वर्षीची तरतूद आहे ते आधी विचारा. बांधकाम खात्याच्या कामांची यादी बजेटसोबत येते, लोक तिला व्हाइट बुक म्हणतात, त्यात कामाचं नाव, किंमत आणि त्या वर्षाची तरतूद वेगवेगळी दिलेली असते. किंमत ५ कोटी आणि तरतूद काही लाख, असं खूप वेळा दिसतं. ते बेकायदेशीर नाही, काम दोन-तीन वर्षं चालणार असेल तर पैसा टप्प्याटप्प्यानेच येणार, पण ५ कोटी हातात आले असं समजून गावाने यंदाच्या पावसाळ्यापूर्वी रस्त्याची वाट बघू नये. आणि तरतूद झाली तरी पुढे प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला सरकारची लेखी मंजुरी), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला इंजिनिअरची मंजुरी), टेंडर, वर्क ऑर्डर आणि निधी वितरण हे सगळं बाकी असतं, क्रम थोडा पुढेमागे होतो पण यातली एकही पायरी चुकत नाही. म्हणून कुठल्याही कामाबद्दल विचारताना "झालं का" असं विचारूच नका, "प्रशासकीय मान्यता कुठल्या तारखेची आहे" असं विचारा. तारीख असली की उत्तर खरं, नसली की काम अजून यादीतच आहे.

दुसरी गोष्ट लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातला खर्चाचा क्रमांक, तो चार आकडी असतो आणि त्यावरून पैसा कुठल्या कप्प्यातला ते कळतं. ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च, नवीन काम, रुंदीकरण वगैरे. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती. त्यामुळे "नवीन रस्ता" म्हणून जाहीर केलेल्या कामापुढे ३०५४ दिसलं तर लगेच विचारा की हे खड्डे बुजवणं आहे का रस्ता. आणि गावोगावच्या बोर्डांवर दिसतं ते २५१५, पंचवीस-पंधरा, म्हणजे ग्रामविकास खात्याचा मूलभूत सुविधांचा निधी, त्यातून सभामंडप, गल्लीतलं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचं शेड असली कामं होतात. याचा जीआर (शासन निर्णय) निघतो आणि मागे जोडपत्रात तालुका, गाव, कामाचं नाव, रक्कम अशी यादी असते. सरकारच्या जीआरच्या साइटवर विभाग निवडून तारखेनुसार शोधलं की सापडतो, पोस्टमध्ये जीआरचा सांकेतांक दिला असेल तर आणखी सोपं. मला तर वाटतं प्रत्येक आमदारांनी कामाच्या नावापुढे सांकेतांक लिहायलाच पाहिजे, एक ओळ लागते, आणि अख्ख्या तालुक्याला पडताळणी करता येते.

आमदार निधी हा आणखी वेगळा. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, विधानसभेच्या २८८ आणि विधानपरिषदेच्या ७८ अशा सगळ्यांना, आणि त्याची मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून, जिल्हा नियोजन समितीच्या ऑफिसमार्फत होते. याचा अधिवेशनाशी संबंध नाही. जिल्हा नियोजनचा पैसाही वेगळा, तो पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत ठरतो. पोस्टमध्ये हे सगळे निधी एकाच बेरजेत टाकून "एकूण इतके कोटी आणले" असं लिहिलेलं असतं तेव्हा ती बेरीज सुटी करून मागा. अशी सुटी यादी देणारे आमदार आहेत, आणि त्यांचं काम पटकन डोळ्यात भरतं.

तरतूद म्हणजे खर्च नव्हे हे एवढं ताणून का सांगतेय तर राज्याचे आकडे बघा. २०२५-२६ चं बजेट १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलं, एकूण आकार ७,००,०२० कोटी आणि महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, योजना हा रोजचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त. अशा वेळी वर्षभरात वित्त विभाग हात आखडता घेतो आणि खात्यांना तरतुदीच्या काही टक्केच रक्कम खर्चायला देतो, आणि कात्री पहिली बसते ती रस्ते-इमारतींच्या कामांवर कारण पगार थांबवता येत नाही. त्यातच एखादी मोठी योजना मध्येच आली की पुरवणी मागण्या फुगतात. २०२४ मध्ये निवडणूक वर्ष म्हणून फेब्रुवारीत अंतरिम बजेट आणि २८ जूनला पूर्ण बजेट आलं, त्यात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, आणि दोन आठवड्यांच्या आत ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, त्यातले २५ हजार कोटी एकट्या लाडकी बहीणसाठी. योजना चांगली का वाईट हा वेगळा विषय, पण तुमच्या पुलाचा पैसा मागे का राहिला याचं उत्तर बऱ्याचदा असल्या आकड्यांमध्ये असतं आणि आमदारांनी ते मोकळेपणाने सांगायला पाहिजे, मग ते सत्तेतले असोत का विरोधातले. प्रत्यक्ष वितरण बघायचं असेल तर सरकारची बीम्स नावाची प्रणाली आहे, तिथे खातं आणि लेखाशीर्ष निवडून तरतूद किती, वितरण किती, खर्च किती हे बघता येतं. पहिल्यांदा किचकट वाटेल, शक्यतो कॉम्प्युटरवर बघा, मोबाइलवर त्रास होतो.

प्रश्न आणि लक्षवेधीबद्दल फार लांबण लावत नाही. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकितला लेखी उत्तर. किती प्रश्न टाकले या आकड्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही, मंत्र्यांनी उत्तरात काय कबूल केलं ते महत्त्वाचं. "तीन महिन्यांत चौकशी करू" असं मंत्री सभागृहात बोलले तर ते आश्वासन नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. म्हणून प्रश्नाचा फोटो नको, उत्तराचा फोटो मागा.

आता विधेयकं, आणि इथे आपण सगळेच कमी लक्ष देतो. विधेयक आधी पुरःस्थापित होतं (सभागृहात मांडलं जातं), मग विचारार्थ घेतात, खंड एकेक करून बघतात, मग संमत होतं, मग दुसऱ्या सभागृहात हेच पुन्हा, मग राज्यपालांकडे, आणि राज्यपाल ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. विधानसभेने पास केलेलं साधं विधेयक परिषद तीन महिने रोखू शकते आणि दुसऱ्यांदा पाठवलं तर एक महिना, त्यापलीकडे नाही. अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही, पण विधानसभा विसर्जित झाली की विधानसभेत पडून असलेलं विधेयक बाद होतं. म्हणजे "विधेयक प्रलंबित आहे" असं पोस्टमध्ये असेल तर कुठे प्रलंबित, हा प्रश्न विचारायचाच.

दोन उदाहरणं बघा. शक्ती विधेयक, महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षेचं, डिसेंबर २०२० मध्ये आलं, संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांतल्या आमदारांची समिती) गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं. पण त्यात केंद्राच्या फौजदारी कायद्यांत बदल होते म्हणून राष्ट्रपतींची संमती लागणार होती, ती वर्षानुवर्षं आली नाही, आणि मधल्या काळात १ जुलै २०२४ ला जुना भारतीय दंड संहितेचा कायदाच जाऊन न्याय संहिता आली. "विधेयक पास झालं" ही पोस्ट २०२१ मध्ये खरीच होती, पण कायदा लागू झाला नव्हता, आणि कितीतरी बाया तो लागू आहे असं समजून होत्या.

दुसरं जनसुरक्षा विधेयक, बेकायदेशीर कारवाया रोखण्याच्या नावाने आलेलं. जुलै २०२४ मध्ये आलं तेव्हा पास झालं नाही, निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला पुन्हा मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष, आणि लोकांकडून १२ हजारांवर सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झालं तेव्हा सुरुवातीला "व्यक्ती आणि संघटना" असं जे मोघम होतं ते बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरतं केलं होतं. तेवढ्याने आक्षेप संपले नाहीत, विरोध पुढेही झाला, पण समितीच्या टप्प्यावर मसुदा हलतो हे यातून स्पष्ट दिसतं. आमदारांनी "विधेयक समितीकडे गेलं" असं लिहिलं की त्याच आठवड्यात सूचना पाठवायची मुदत आणि पत्ता विचारा, संमत झाल्यावर निवेदनं देऊन उपयोग नसतो.

विधेयकाची पीडीएफ हातात आली की मी शेवटून वाचते. शेवटी उद्देश व कारणांचं निवेदन असतं, सरकारला हे का पाहिजे ते तिथे कळतं. त्याच्या जवळच वित्तीय ज्ञापन असतं, तिजोरीवर किती भार पडणार ते. आणि आणखी एक ज्ञापन असतं ज्यात कुठली कलमं सरकारला नंतर स्वतः नियम करायचा अधिकार देतात त्याची यादी असते, ती यादी लांब असेल तर समजायचं की खरा कायदा पुढे नियमांत लिहिला जाणार. वटहुकमाच्या जागी आलेलं विधेयक असेल तर घाई असते, कारण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो वटहुकूम संपतो, आणि त्या घाईत चर्चा कमी होते. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, शुक्रवारी येतं आणि ते पास होणं अगदी दुर्मिळ. पण त्यामुळे सरकारला उत्तर द्यावं लागतं, म्हणून तुमच्या आमदारांनी असं विधेयक मांडलं असेल तर मनापासून दाद द्या.

विचारायचं कसं, तर साधा मेसेज पुरतो. "साहेब नमस्कार. अधिवेशनाची पोस्ट वाचली. आपल्या पुलाच्या कामाचं लेखाशीर्ष, यंदाची तरतूद आणि प्रशासकीय मान्यतेची तारीख कळवाल का? आणि समितीकडे गेलेल्या विधेयकावर सूचना कधीपर्यंत द्यायच्या?" ताई असतील तर ताई लिहा. ग्रुपवर टाकण्याआधी पीएंना वैयक्तिक पाठवा, चारचौघांत विचारलं की ऑफिस बचावाच्या पवित्र्यात जातं आणि माहिती राहते बाजूला. नवीन काम सुचवायचं असेल तर मार्चमध्ये धावपळ करू नका, खात्यांचे प्रस्ताव काही महिने आधीच वर गेलेले असतात, दिवाळीच्या आसपास ग्रामपंचायतीच्या ठरावासकट पत्र द्या. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बांधकाम उपविभागाकडे माहितीचा अधिकार टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आपल्याकडे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात कामाचं नाव व्हाइट बुकमध्ये आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा, नाहीतर "असे काम अभिलेखात आढळत नाही" असं उत्तर येतं.