कुत्र्याला लिम्फोमा निघाला? उपचार ठरवताना या चुका टाळा

जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागतात. त्या दुखत नाहीत, कुत्रा जेवतोय, खेळतोय. लिम्फोमाची म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. घरच्यांचा जीव कासावीस होतो आणि लगेच काहीतरी करावंसं वाटतं. बरेचसे घोळ या घाईतच होतात. इथे कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, याला फार महत्त्व आहे.

तपासणीआधी स्टेरॉइड सुरू करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गाठी बघून प्रेडनिसोलोनचं इंजेक्शन किंवा वायसोलोनची गोळी दिली जाते. दोन-चार दिवसांत गाठी बसतात, कुत्रा भूक लागून जेवायला लागतो आणि घरात सुटकेचा नि:श्वास पडतो. पण कॅन्सर गेलेला नसतो. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या बऱ्याच पेशी मरतात, त्यामुळे नंतर घेतलेल्या नमुन्यात रोग नीट दिसत नाही. शिवाय उरलेल्या पेशी औषधांना दाद न देणाऱ्या बनतात. मग केमो सुरू केली तरी तिचा परिणाम कमी होतो आणि कमी दिवस टिकतो. केमो करायचीच नाही असं पक्कं ठरलं असेल, तर स्टेरॉइड हा रास्त उपाय आहे. ते ठरेपर्यंत मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'आधी सुईची तपासणी करू, मग स्टेरॉइड.'

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे तो गोचीड तापाचा. गोचिडींमुळे होणाऱ्या एर्लिकिया या आजारातही ग्रंथी सुजतात, ताप येतो, प्लेटलेट घसरतात. म्हणून तीन-चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन 'बघू या' म्हटलं जातं. उपचाराविना लिम्फोमाच्या कुत्र्याकडे साधारण चार ते सहा आठवडेच असतात. गोचीड तापाचं रक्त तपासायला द्याच, पण गाठीची एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणं) त्याच दिवशी करा. ती बारीक सुईने होते, बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही.

सुई कुठे घालतात तेही बघा. जबड्याखालच्या ग्रंथी किडलेल्या दातांमुळेही सुजतात, त्यामुळे तिथला नमुना फसवू शकतो. मागच्या पायात गुडघ्यामागे किंवा खांद्यापुढे गाठ सुजली असेल तर नमुना तिथून घ्यायला सांगा. शक्य झाल्यास दोन जागांहून. रिपोर्ट संदिग्ध आला तर पूर्ण गाठ काढून बायोप्सी.

'कॅन्सर आहे' एवढ्यावरच निर्णय घेणं

कुठला कॅन्सर, कुठल्या पेशींचा आणि कुठवर पसरलाय हे कळल्याशिवाय निर्णयाला अर्थ नाही. लिम्फोमा बी-सेल आहे की टी-सेल, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आहे, हे विचारा. केमोने बी-सेलची बहुतेक कुत्री सुधारतात आणि साधारण वर्षभर चांगली राहतात. टी-सेलमध्ये हा काळ बऱ्याचदा त्याच्या निम्माच असतो. नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने मिळतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर-किडनी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी हे सगळं हवंच, पण कॅल्शियम विसरू नका. कुत्रा अचानक खूप पाणी पीत असेल आणि सारखी लघवी करत असेल, तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं आणि ते किडनी खराब करतं.

उलटही घडतं. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या जननेंद्रियावर फ्लॉवरसारखी रक्ताळ गाठ दिसते, कोणीतरी 'कॅन्सर' म्हणतं आणि लोक आशा सोडतात. ही गाठ बहुधा टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ असते. आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाची चार ते सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. अशा कुत्र्याला केवळ नावाला घाबरून इंजेक्शनने कायमचं झोपवणं हा अन्याय आहे.

माणसाची केमो डोळ्यांपुढे ठेवून नकार देणं किंवा हिशोब न करता होकार देणं

कुत्र्यांमध्ये केमोचा डोस मुद्दाम बेताचा ठेवतात, कारण उद्देश चांगले दिवस मिळवून देणं हा असतो. बहुतेकांचे केस जात नाहीत. पूडल, शिह्त्झू अशांचे मात्र विरळ होतात, मिशाही गळतात. घरात नातेवाइकाची केमो पाहिलेली असेल तर ती भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यावरून कुत्र्याचं ठरवू नका.

दुसरीकडे, लिम्फोमासाठी चॉप नावाचा अनेक औषधांचा नेहमीचा केमो कोर्स १९ ते २५ आठवड्यांचा असतो. प्रत्येक वेळी सीबीसी, मधे हार्टची इको, शिवाय उलटी-जुलाबाची औषधं. पहिल्याच भेटीत संपूर्ण कोर्सचा अंदाज लेखी मागा. अर्ध्यावर पैसे संपून थांबण्यापेक्षा, पेलवेल असा साधा पर्याय पहिल्यापासून घेतलेला बरा. पैशांमुळे केमो नाकारली म्हणून तुमचं प्रेम कमी ठरत नाही. कोली जातीचं किंवा तिच्या मिश्रणाचं कुत्रं असेल तर एमडीआर-१ जनुकाची तपासणी आधी करा; या जनुकात दोष असेल तर व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधांचा नेहमीचा डोस जड जातो.

केमोनंतरचे दहा दिवस गाफील राहणं

रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी सगळ्यात खाली जातात. या काळात घरी डिजिटल थर्मामीटर असलाच पाहिजे. टोकाला व्हॅसलिन लावा, दोन सेंटिमीटर गुदद्वारात घाला, बीप होईपर्यंत धरा. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं, किंवा ताप नसूनही कुत्रा मलूल पडला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अजिबात देऊ नका. स्टेरॉइड चालू असताना मेलोक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळीही नको. दोन्ही मिळून पोटात अल्सर होतो आणि शी डांबरासारखी काळी होते. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका.

सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची गोळी सकाळी द्या आणि दिवसभर दर दोन-तीन तासांनी लघवीला बाहेर न्या. औषध मूत्राशयात साचून राहिलं तर आतलं अस्तर सोलतं, लघवीत रक्त येतं. गोळी तोडायची किंवा कुटायची नाही, हातात ग्लोव्हज. पुढचे तीन दिवस शी-लघवी ग्लोव्हज घालूनच उचला. गरोदर बाई आणि लहान मुलं लांब.

इंजेक्शनची जागा रोज बघा. व्हिन्क्रिस्टीन किंवा डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, आणि डॉक्सोरुबिसिनची जखम आठवड्यानंतरही वर येऊ शकते. कुत्रा ती जागा सारखी चाटत असेल, ती लाल किंवा सुजलेली दिसली, तर त्याच दिवशी दाखवा.

कच्चं चिकन, कच्ची अंडी बंद. 'साखर कॅन्सरला पोसते' म्हणून भात-पोळी तोडून उपाशी ठेवू नका. वजन टिकवणं जास्त गरजेचं आहे. हळद, गोमूत्र, कुणी सुचवलेला काढा डॉक्टरांपासून लपवून देऊ नका, लिव्हरवर दुहेरी भार पडतो.

शेवट ऐनवेळी ठरवणं

अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची जगण्याचा दर्जा मोजणारी मोजपट्टी कामाची आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्या (दहा म्हणजे सगळ्यात चांगलं; वेदना नसेल तर दहा). बेरीज ३५ च्या वर असेल तर काळजी चालू ठेवता येते. आठवड्यातून एकदा घरच्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत, कारण रोज शेजारी बसणाऱ्याला घसरण दिसत नाही. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर जायला लागले तर तेही लिहून ठेवा.

कायमचं झोपवायला डॉक्टर घरी येतील का, आधी गुंगीचं इंजेक्शन देतील का, हे कुत्रा ठीक असतानाच विचारा. डोळे उघडेच राहतात, शेवटी एखादा दीर्घ श्वास येतो, लघवी होते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे कुणी घाबरणार नाही. अंगाखाली जुनी चादर आणि प्लास्टिक घाला. महापालिकेची प्राण्यांच्या दहनाची सोय कुठे आहे, किती वाजेपर्यंत चालते आणि गाडी मिळते का, याची चौकशीही त्याच आठवड्यात करून ठेवा.