शिफ्ट सुरू होण्यापूर्वी: अपघातस्थळी गुणांक काढण्याची तयारी

जखमी किती गंभीर आहे हे आकड्यात सांगणारा कोणता गुणांक वापरायचा, रुग्णवाहिका बाहेर पडण्यापूर्वी हे ठरलेले असावे, आणि शक्यतो तो एकच असावा. सुधारित ट्रॉमा स्कोअर १९८९ पासून रूढ आहे. परंतु त्याच्या मूळ भारित रूपात कोमा स्केलच्या (शुद्धीची पातळी मोजणारी मोजपट्टी) गुणांकाला ०.९३६८ ने आणि रक्तदाबाच्या गुणांकाला ०.७३२६ ने गुणावे लागते, आणि महामार्गाच्या कडेला रात्री दोन वाजता हा हिशेब कोणी करत बसत नाही. त्यापेक्षा जपानमधील नोंदींवरून २०११ मध्ये मांडलेला गॅप स्कोअर सोयीचा. त्यात ग्लासगो कोमा स्केलचे ३ ते १५ गुण जसेच्या तसे घ्यायचे, वय साठच्या आत असल्यास ३ मिळवायचे, आणि वरचा रक्तदाब १२० पेक्षा अधिक असल्यास ६, ६० ते १२० असल्यास ४, त्याहून कमी असल्यास काहीच नाही. बेरीज १९ ते २४ आली तर मृत्यूचा धोका कमी, ११ ते १८ मध्यम, १० किंवा त्याखाली मोठा. हा तक्ता लॅमिनेट करून स्ट्रेचरवरून दिसेल असा लावावा.

रक्तदाबाचे कफ लहान, मध्यम, मोठे असे तिन्ही मापांचे आहेत ना, हे पाहावे. पहिले मोजमाप गाडी हलण्यापूर्वी हाताने घ्यावे; खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत, त्यातही दाब घसरलेला असताना, स्वयंचलित यंत्राच्या आकड्यावर विसंबता येत नाही. अंदाजाने ‘१२०’ लिहिण्याची सवय तर मोडायलाच हवी, कारण नेमके १२० असता ४ गुण आणि १२२ असता ६. श्वसनाचा वेग गॅपमध्ये येत नाही. तरीही तो मोजून लिहावा.

कोमा स्केलची तपासणी झोपेचे औषध देण्यापूर्वी आणि श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी व्हावी. केवळ बेरीज न लिहिता डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगळे लिहावेत, दोन हातांच्या प्रतिसादात फरक असल्यास चांगल्या बाजूचा धरावा, आणि पापण्या सुजून मिटल्या असतील तर १ गुण न देता ‘तपासता आले नाही’ असे नोंदवावे. दारूचा वास आला म्हणून कमी गुणांकाकडे दुर्लक्ष करू नये.

वय नातेवाइकांकडून किंवा ओळखपत्रावरून खात्रीने घ्यावे. हाक मारल्यावर डोळे उघडणारा (३), गोंधळून बोलणारा (४), सांगितलेले करणारा (६), वरचा दाब ११० असलेला दुचाकीस्वार ४५ वर्षांचा असेल तर गॅप २० होतो. तोच ६८ वर्षांचा असेल तर १७, म्हणजे गट बदलतो. पासष्टीपुढे दाब ११० च्या खाली गेला किंवा नाडीचा आकडा वरच्या दाबापेक्षा मोठा झाला, तर बेरीज काहीही असो, ट्रॉमा केंद्राचाच (गंभीर जखमींवर उपचारांची सोय असलेले रुग्णालय) विचार करावा.

प्रत्येक मोजमापाशेजारी वेळ लिहावी आणि वाटेत ते पुन्हा घ्यावे. हे गुणांक शेकडो रुग्णांच्या गटाविषयी बोलतात, समोरच्या एकाविषयी नाही. म्हणून बेरीज ८ आली तरी उपचार थांबवू नयेत आणि नातेवाइकांना आकडा सांगू नये. रुग्णालयाला मात्र तो आकडा, रुग्ण पोहोचण्याआधी, फोनवर मूळ मोजमापांसह कळवावा. त्यासाठी जवळच्या ट्रॉमा केंद्रांचे क्रमांक पायलटकडेही (रुग्णवाहिकेच्या चालकाकडे) असावेत.