शियाओलोंगबाओमधलं सूप सांडू नये म्हणून

आत गरम सूप असलेले हे शांघायचे डम्पलिंग उचलतानाच फाटतात आणि सूप वाफवायच्या टोपलीत जातं. खरी मजा त्या सुपातच, म्हणून एवढं करा:

१. बाकीचे पदार्थ आधी मागवा, हे शेवटी. टोपली आली की मिनिटभरच थांबा. गार झाली की पारी खालच्या कागदाला चिकटते आणि तळ फाटतो.

२. पोटाला धरू नका. मोदकाच्या शेंडीसारखं वरचं टोक चॉपस्टिकने धरा, हलकेच डावी-उजवीकडे हलवून तळ सुटू द्या, मग उचला. चांगल्या शियाओलोंगबाओची पारी पातळ असते, उचलल्यावर तळ सुपाच्या वजनाने लोंबतो. तसा लोंबला नाही तर आत सूप कमी आहे किंवा पारी जाड आहे.

३. लगेच खोलगट चमच्यात ठेवा. बाजूला दाताने बारीक भोक पाडा, वाफ जाऊ द्या, सूप प्या. मग काळ्या व्हिनेगरमध्ये भिजलेले आल्याचे दोन-तीन बारीक काप वर ठेवून खा.

सूप बहुधा सारणात घातलेली डुकराच्या कातडीची जेली वाफेवर वितळून होतं, खेकड्याच्या प्रकारातही. डुक्कर चालत नसेल तर सारणाबरोबर जेलीचंही विचारा.