इव्हेंटचं बिल अडतं कुठे

पुण्यात कॉर्पोरेट इव्हेंटच्या कामात नव्याने आलेली मुलं मला ट्रस (लाइट, स्क्रीन टांगायचा धातूचा सांगाडा), साउंड, लाइटबद्दल खूप विचारतात. बिलाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून माझाच एक अनुभव सविस्तर सांगते.

हिंजवडीतल्या एका कंपनीचा वार्षिक समारंभ होता. पीओ, म्हणजे कंपनीची लेखी परचेस ऑर्डर, ४,८०,००० रुपयांची, जीएसटी वेगळा. आदल्या दिवशी सकाळी एचआरच्या मॅडमचा फोन आला, "एलईडी वॉल जरा मोठी करता येईल का?" १६ बाय १० ची वॉल २४ बाय १२ झाली. मग संध्याकाळची रिहर्सल ठरली, ती आधी कुठेच नव्हती. रिहर्सल आणि दुसऱ्या दिवशी लांबलेली भाषणं मिळून जनरेटर सहा तास जास्त चालला. मी प्रत्येक वेळी "हो मॅडम, करू" म्हणत गेले. लेखी काहीच मागितलं नाही.

वाढलेली वॉल १२८ चौरस फूट, आमच्या २०० रुपये दराने २५,६००. रिहर्सलचं साउंड आणि क्रू ३८,०००. जनरेटर ११,४००. जास्तीचे झाले ७५,०००. मी सगळं मिळून ५,५५,००० चं एकच बिल पाठवलं.

चूक तिथे झाली. पीओपेक्षा जास्त रकमेचं बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढेचना. वाद ७५,००० चा, पण अडकले सगळेच पैसे. त्यात बिल काढलं की जीएसटीची जबाबदारी लागू होते, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. बिलावर ९९,९०० रुपये कर होता. इनपुट क्रेडिट (आमच्या खर्चावर आम्ही आधीच दिलेला जीएसटी) वजा जाता उरलेला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला पदरचा भरला. इकडे ट्रसवाल्या दादांचे रोज फोन. त्यांना द्यायला माझ्याकडे तारीखसुद्धा नव्हती, त्याचं मला फार वाईट वाटायचं.

महिनाभर मी एचआरच्या मॅडमच्याच मागे लागले होते. त्यांची इच्छा होती, पण पैसे सोडणं त्यांच्या हातात नव्हतं. शेवटी अकाउंट्समधल्या एका सरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "काम झालंय हे मला मान्य आहे. पण ऑडिटरला काय दाखवू?" तोपर्यंत मी त्यांना अडवणारा माणूस समजत होते. खरं तर त्यांना कागद हवा होता, आणि तो देणं माझं काम होतं.

मग ७५,००० ची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढून बिल पीओच्या रकमेवर आणलं. ते लगेच चढलं. जास्तीच्या कामाचं वेगळं पत्रक केलं, प्रत्येक ओळीला पुरावा जोडला. वॉल उभी राहिल्यावर मी ग्रुपवर फोटो आणि माप टाकलं होतं, त्याखाली मॅडमचं "मस्त, हीच साइज हवी होती" होतं. रिहर्सलला गेटवरचं रजिस्टर कामी आलं. आमच्या टेम्पोचा नंबर आणि आत गेल्याची वेळ सिक्युरिटीने लिहून ठेवली होती. या दोन्हींसाठी ६३,६०० चा सुधारित पीओ आला आणि त्यावर नवीन बिल गेलं. जनरेटरच्या लॉगबुकवर मात्र फक्त आमच्या ऑपरेटर मामांची सही होती. ते ११,४०० सोडले.

कामात खरंच खोट राहिली असेल, दोन पॅनल मध्येच बंद पडले असतील, तर वाद घालू नका. तेवढ्या पॅनलचा हिशेब करून स्वतःहून रक्कम कमी करा. पण "एकूण बिलात दहा टक्के अ‍ॅडजस्ट करा" याला मान देऊ नका. कोणत्या ओळीतून आणि का, हे ईमेलवर मागा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद, पहिल्या कामाआधीच करून घ्या. ती फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून पैसे ४५ दिवसांत यायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. काम झाल्यापासून १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असंच धरलं जातं. हे फार कमी जणांना माहीत असतं. तिसऱ्या महिन्यात कोणी "क्वालिटी बरोबर नव्हती" म्हणालं की ही तरतूद नम्रपणे दाखवा. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अशा उद्योगांना मुदतीत पैसे न दिल्यास कंपनीला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. थकलेल्या पैशांची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते, पण माझ्या मते ते शेवटचं दार. पहिल्याच ईमेलमध्ये त्याची धमकी नको.

आता आमच्या प्रत्येक साइटवर एक पॅड असतं. काही वाढलं की तिथेच माप, दर, वेळ लिहायची आणि क्लायंटकडच्या माणसाची सही घ्यायची. त्याच रात्री फोटो ईमेलवर जातो. जनरेटर सुरू आणि बंद करतानाचं रीडिंग मामा आता क्लायंटकडच्या माणसाला बोलावून दाखवतात, सही होईपर्यंत टॉर्च धरून उभे राहतात.